रंग सगळ्यात शेवटी

बडोद्याहून, दांडिया बाजाराच्या आतल्या एका शेरीतून, म्हणजे गल्लीतून, एका ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

‘आमचं घर आजेसासऱ्यांनी बांधलं. ते संस्थानच्या खानगी खात्यात नोकरीला होते. घर तीन मजली आहे, दर्शनी भाग सगळा सागवानी, सज्जाखाली कोरीव घोडे, पुढे ओटा. शेरीत अशी आठ-दहा घरं उरलीत, निम्मी आपली मराठी, निम्मी गुजराती. तांबेकर वाडा अगदी जवळ. मागच्या थंडीत लेकीबरोबर पाँडिचेरीला गेले होते. समुद्र पाहिलाच, पण मन अडकलं ते कालव्याअलीकडच्या एका जुन्या गल्लीत. ओळीनं उभी घरं, पुढे खांबांचे ओटे, सगळं स्वच्छ. परत आल्यावर गणपती मंडळाच्या बैठकीत मी म्हटलं, आपणही सगळी घरं एका रंगात रंगवू, आपली शेरी तशी करू. त्यावर भांडणच झालं. खाली दुकान असलेले फरसाणवाले भाई म्हणाले, माझी पाटी काढायला सांगाल तर याद राखा. दोघं म्हणाले, रंगाचे पैसे तुम्ही देणार का? पुण्याचे दीर फोनवर म्हणतात, वहिनी, त्या लाकडांत काय ठेवलंय, पाडू आणि फ्लॅट बांधू. मी हट्टानं गणपतीच्या आत आपलं घर तरी नवं करायचं ठरवलंय. ठेकेदारानं खालच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा, लाकडाला ऑइलपेंट आणि ओट्याला टाइल्स असा अंदाज दिलाय. त्यात आता शेरीत पेव्हर ब्लॉक बसणार, रस्ता वीतभर वर येईल असं माणसं सांगून गेली. पूर्वी ओट्याला तीन पायऱ्या होत्या, आता एकच उरलीये, आणि जोराचा पाऊस झाला की पाणी उंबऱ्याच्या आत येतं. मी वेडेपणा करतेय का? आणि सुरुवात कुठून करू?’

ताई, वेडेपणा मुळीच नाही. तुमच्या शेरीत असं वाटणारं एक तरी माणूस आहे, याचा मला फार आनंद झाला. पण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिली आहे. तीन पायऱ्यांची एक झाली. बाकी सगळं बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात हे हातात घ्या.

जुन्या शहरांतली घरं बहुतेक वेळा वरून पडत नाहीत, खालून कुजत जातात. दर काही वर्षांनी डांबराचा थर जुन्याच थरावर चढतो, मग काँक्रीट, मग ब्लॉक. रस्ता वर येतो आणि घर आहे तिथंच राहतं. जोतं बांधलं होतं ते पाणी बाहेर ठेवायला. रस्ता जोत्याच्या उंचीला आला की ते काम संपलं. मग पाऊस आत येतो, आणि डोळ्यांना न दिसणारं पाणी विटांतून वर चढतं. भिंतीला लोणा, म्हणजे खाराचा पांढरा थर, लागतो, खांबाचं बूड ओलं राहतं, तिथं वाळवी येते, आणि एक दिवस सुतार सांगतो की खांब आतून पोकळ झालाय. तुमचे कोरीव घोडे कितीही सुंदर असोत, ज्या खांबावर तो सज्जा उभा आहे त्याचं बूड गेलं तर त्यांचा उपयोग नाही.

म्हणून ब्लॉक बसण्याआधी सेवासदनाच्या, म्हणजे बडोदा महापालिकेच्या, वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या. त्यात एकच मागणी ठेवा: जुना थर खरवडून काढावा, आणि काम संपल्यावर रस्त्याची पातळी आजच्या पातळीपेक्षा वर येऊ नये, जमल्यास एक पायरी परत मिळावी. काम सुरू होण्याआधी प्रत्येक घराच्या जोत्यावर खडूनं नव्हे, पक्क्या रंगानं आजच्या रस्त्याची रेघ मारा आणि तारीख दिसेल असे फोटो काढा. कामावरच्या इंजिनिअरला त्या रेघा दाखवा. भिंतीपासून भिंतीपर्यंत सलग काँक्रीट घालू नका असंही सांगा. खाली वाळूवर बसवलेल्या ब्लॉकांच्या सांध्यांतून थोडं पाणी तरी जमिनीत मुरतं आणि जमिनीतली ओल वर निघून जाते. काँक्रीटखाली कोंडलेली ओल मात्र बाजूच्या भिंतीचाच रस्ता धरते. उतार शेरीच्या मध्याकडे असावा, घरांकडे नाही. आणि रस्ता उकरलेलाच आहे तर पाण्याची, ड्रेनेजची, गॅसची जी काही कामं राहिली असतील ती त्याच वेळी करून घ्या. नाहीतर सहा महिन्यांनी तेच ब्लॉक पुन्हा उखडले जातील आणि बसवताना वाकडे बसतील.

या अर्जावर सही करायला तुमच्या शेरीतला एकही माणूस नाही म्हणणार नाही. फरसाणवाले भाईसुद्धा नाहीत, कारण पाणी त्यांच्या पिठाच्या पोत्यांपर्यंतही जात असणार. बैठकीत तुमचं चुकलं असेल तर एवढंच: ज्यात प्रत्येकाला खर्च आहे आणि फायदा दिसत नाही, तिथून तुम्ही सुरुवात केलीत. जे दुखणं सगळ्यांचं आहे तिथून सुरू करा. एकदा आठ घरांनी एका कागदावर सही केली आणि काम मनासारखं झालं, की पुढच्या गोष्टी बोलायला जागा होते.

आता तुमचा ठेकेदार. त्याला आजच फोन करून काम थांबवा, आगाऊ दिलेले पैसे बुडाले तरी चालतील. तुमची भिंत चुन्यातली असणार: लाकडी सांगाडा आणि त्याच्या खणांत विटा. असं बांधकाम ओल घेतं आणि ओल सोडतं. चुन्याचा गिलावा ते होऊ देतो. सिमेंटचा गिलावा ती वाट बंद करतो. खालचे चार फूट सिमेंटनं झाकले की ओल आत अडकते, वर चढते, आणि लोणा पूर्वी गुडघ्याला होता तो कमरेला येतो. वरून भिंत वर्षभर नवी दिसते, मग गिलावा पोकळ वाजायला लागतो आणि विटांचा पापुद्रा घेऊनच सुटतो. ओट्याच्या टाइल्सचंही तेच. ऑइलपेंट लाकडावर प्लॅस्टिकसारखा बसतो. बडोद्याच्या मे महिन्यात लाकूड तापतं, आकसतं, रंगाला तडे जातात, मग पावसाचं पाणी त्या तड्यांतून आत शिरतं आणि बाहेर यायला वाट राहत नाही.

त्याऐवजी जिथं जुना सिमेंटचा पट्टा असेल तो जोत्यापासून हळूहळू काढून टाका आणि एक पावसाळा भिंत तशीच उघडी राहू द्या. कुरूप दिसेल, गणपतीला येणारे पाहुणे विचारतील, विचारू दे. भिंत वाळली की चुन्याचा गिलावा. लाकडावरचे रंगाचे थर ज्योतीनं जाळून किंवा मशीननं घासून काढू देऊ नका, नक्षीची धार जाते. खरवडणीनं हातानं काढावे लागतात, वेळ लागतो. मग जवसाचं तेल, पातळ हातानं, दोन-तीन वेळा. खांबाचं कुजलेलं बूड कापून तेवढाच सागाचा तुकडा जोड देऊन बसवणारे सुतार आजही आहेत. पूर्ण खांब बदला म्हणणाऱ्या सुताराला काम देऊ नका. आणि या सगळ्याआधी कौलं आणि पन्हळ पाहा. फुटलेल्या पन्हळीखाली केलेला कुठलाही खर्च वाया जातो.

तुम्हाला आवडलेल्या पाँडिचेरीच्या गल्लीबद्दल थोडं सांगते, कारण तिथून जे घ्यायचं ते रंगाच्या डब्यात नाही. तुमच्या वर्णनावरून ती वैश्याल स्ट्रीट असावी. कालव्याच्या समुद्राकडच्या बाजूला फ्रेंचांची वस्ती होती, अलीकडच्या बाजूला तमिळ वस्ती, आणि ही गल्ली तमिळ बाजूची. युरोपीय संघाच्या आशिया अर्ब्स या शहरांसाठीच्या योजनेत, इटलीतलं उर्बिनो आणि फ्रान्समधलं व्हिलनव्ह-सुर-लॉट या दोन गावांच्या भागीदारीनं, २००२ ते २००४ या काळात तिथल्या घरांच्या दर्शनी भागांवर काम झालं. वारसा जपणाऱ्या इंटॅक संस्थेच्या पाँडिचेरीतल्या लोकांनी ते पुढे नेलं आणि २००८ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्या गल्लीची नोंद झाली. पण पाहा, तिथं परत आणलं काय? घरापुढचा तो खांबांवरचा उतरता ओसरा आणि बसायचा कट्टा. कुणी तोडला होता, कुणी भिंत घालून खोली केली होती. ते परत उघडे झाले तसे शेजारच्या घरांच्या ओसऱ्या एका ओळीत आल्या आणि गल्ली एकसंध दिसू लागली. तुम्ही पाहिलेला नीटनेटकेपणा त्या ओळीचा आहे. तुमच्या शेरीत ती ओळ ओट्यांची आहे, आणि माझ्या अंदाजानं अजून बरीचशी शाबूत आहे. ओटे वाचवा. त्यावर जाळी, शटर, पाण्याची टाकी, टाइल्स येऊ देऊ नका. पाँडिचेरीचा पिवळा रंग तिथल्या समुद्राच्या उन्हात आणि तिथल्या भिंतींवर शोभतो. सागवानी दर्शनी भागाला तो लावला तर ना ते घर राहील, ना हे.

त्याच शहराची दुसरी गोष्टही ऐकून ठेवा. तिथं समुद्रासमोर फ्रेंच काळातली मेरी नावाची नगरपालिकेची इमारत होती, एकोणिसाव्या शतकातली, फोटोत नेहमी दिसणारी. वर्षानुवर्षं दुरुस्ती रखडली आणि २०१४ च्या नोव्हेंबरात पावसात ती कोसळली. आज तिच्या जागी नव्यानं बांधलेली तशीच इमारत उभी आहे. एवढी प्रसिद्ध वास्तू, एवढे पर्यटक, तरी पाण्यानं नेली.

फरसाणवाल्या भाईंच्या पाटीसाठी मात्र मुंबईचं उदाहरण उपयोगी पडेल, आणि त्याला बडोद्याचा धागाही आहे. फोर्टमधला दादाभाई नौरोजी रोड ज्यांच्या नावाचा आहे, ते १८७४ मध्ये मल्हारराव गायकवाडांच्या वेळी बडोद्याचे दिवाण होते. त्या रस्त्यावरच्या इमारती वेगवेगळ्या काळच्या, वेगवेगळ्या शैलीच्या, पण खालून सलग कमानींची वाट, पायी चालणाऱ्याला ऊनपावसात आडोसा. गेल्या शतकाच्या अखेरीस त्या कमानी दुकानांच्या पाट्यांनी पार झाकून गेल्या होत्या. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी तिथं काम सुरू केलं तेव्हा कुणाचं दुकान हलवलं नाही, कुणाला पाटी काढायला लावून तसंच सोडलं नाही. पाटी कमानीच्या आत, ठरलेल्या मापात बसवायची, म्हणजे कमानही दिसेल आणि दुकानही. दुकानदार पुढे स्वतःच संघटित झाले, रस्त्याची काळजी घेऊ लागले. भाईंना हेच सांगा: पाटी काढू नका, घोड्यांच्या खाली, दाराच्या माथ्यावर घ्या, फ्लेक्सऐवजी लाकडावर रंगवलेली, वरून दिवा. तीन पिढ्यांचं दुकान असेल तर तसं त्या पाटीवर लिहायला लावा. आणि पहिली पाटी करायला मंडळाच्या वर्गणीतून काही मदत होत असेल तर जरूर करा. ज्यांना सगळ्यात जास्त बदलावं लागतं त्यांना थोडा हात दिला पाहिजे.

दिरांविषयी. त्यांना खलनायक करू नका. त्यांचा हिस्सा आहे, आणि पुण्यात बसून बडोद्याच्या पडक्या भिंतीत अडकलेला पैसा मोकळा व्हावा असं वाटणं काही गुन्हा नाही. पण त्यांना एक गोष्ट ठाऊक नसावी. तांबेकर वाडा हे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे, पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं. भाऊ तांबेकर हे बडोद्याचे दिवाण होते, त्यांचं हे राहतं घर, आत भिंतीभर चित्रं. १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून चारी बाजूंना १०० मीटर मनाई क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तुमचं घर जर त्या १०० मीटरच्या आत असेल, तर १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीनं करता येते, पण पाडून नवी इमारत उभी करता येत नाही. म्हणजे दिरांची योजना अमलात आली तर हाती रिकामा प्लॉट येईल, फ्लॅट नाही. पुढच्या २०० मीटरमध्ये असाल तर परवानगीनं बांधता येतं, पण त्यासाठीही अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या नियमांतूनच जातो. अंतर डोळ्यांनी मोजू नका. स्मारकाची हद्द वाड्याच्या भिंतीशीच संपते असं नाही. अधिकृत नकाशावर मोजून घ्या आणि तो कागद दिरांना पाठवा. लक्षात ठेवा, दुरुस्तीची ही परवानगी तुम्हालाही लागेल, रंगाच्या हातापलीकडे काहीही करायचं असेल तर.

त्याच वेळी सिटी सर्व्हेतलं प्रॉपर्टी कार्ड काढून पाहा. आजेसासऱ्यांचंच नाव अजून चालू असेल तर वारसाईची नोंद आधी करून घ्या. बडोद्यातलीच काय, पुण्यातली आणि नाशकातलीही किती जुनी घरं वाळवीनं गेली नसतील इतकी या न झालेल्या नोंदींनी गेली आहेत. सात-आठ वारस, कुणाला खर्च करायचा नाही, कुणाला विकता येत नाही, आणि घर मधल्या मध्ये पावसात उभं. अहमदाबादेत, ते २०१७ साली जागतिक वारसा शहर झालं त्याच्या आधीपासून, यादीतलं घर राखणाऱ्या मालकाला त्याचा न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेसाठी विकता येतो, आणि त्या पैशातून दुरुस्ती होते. राखण्यातही मालकाला काही मिळू शकतं, हे दिरांना दाखवायला हे उदाहरण चांगलं आहे. तशी विचारणा शेरीच्या वतीनं सेवासदनाकडेही लेखी करा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते. शेरी टिकते ती तिथं माणसं राहतात म्हणून. रात्री दिवे लागले नाहीत तर कितीही सुंदर दर्शनी भाग वर्षा-दोन वर्षांत गळायला लागतो. कौल सरकलेलं कुणाला कळत नाही. तुमचा वरचा मजला रिकामा असेल तर ललित कलेच्या नाहीतर वास्तुकलेच्या मुलांना भाड्यानं द्या. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची मुलं दरवर्षी खोल्या शोधत असतातच. वास्तुकलेच्या विभागात जाऊन भेटा: शेरीची मोजमापं घेऊन सगळ्या घरांचं एक सलग चित्र काढून द्याल का म्हणून. त्यांना अभ्यास मिळतो, तुम्हाला कागद मिळतो. पुढे कुणी बिल्डर, कुणी अधिकारी, कुणी ठेकेदार आला की ते चित्र समोर ठेवायचं. बडोद्याच्या हेरिटेज ट्रस्टच्या लोकांनाही गाठा. चांपानेर-पावागड २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं त्यामागे त्यांची वर्षानुवर्षांची मेहनत होती, आणि कुठला अर्ज कुठं करायचा हे त्यांना नीट माहीत असतं.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, १९१६ साली, स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी बडोद्याच्या वाढीबद्दल अहवाल लिहिला होता. आपल्याकडच्या जुन्या शहरांत ते जिथं जिथं गेले तिथं त्यांचा एक आग्रह असे: रुंद रस्ता कापत नेऊन वस्ती उद्ध्वस्त करू नका, जे अगदी पडायला आलंय तेवढंच काढा, झाडाखालची, विहिरीजवळची छोटी मोकळी जागा स्वच्छ करा, बाकीचं दुरुस्त करत राहा. सल्ला जुना झाला म्हणून खोटा झालेला नाही. तुमच्या शेरीत असा एखादा कोपरा असेल, पार किंवा बंद पडलेला नळ, तर पातळीचं काम झाल्यावर तिथं हात घाला. खर्च थोडा असतो आणि संध्याकाळी म्हातारी माणसं तिथं येऊन बसली की बैठकीत विरोध करणाऱ्यांचा सूर बदलतो.

शेवटी खर्चाची गोष्ट. दिरांना फोनवर सांगू नका, लिहून कळवा: नकाशावरचं अंतर, दुरुस्तीचा अंदाज, आणि तीन वर्षांत कुठलं काम कधी. पहिल्या वर्षी कौलं, पन्हळ आणि सिमेंट काढणं. दुसऱ्या वर्षी खांबांची बुडं आणि चुना. लाकूड आणि रंग तिसऱ्या वर्षी. त्यांच्या हिश्श्याचे पैसे त्यांना आता जमत नसतील तर तेवढी रक्कम तुमच्या नावे मांडून दोघांनी सह्या करा, म्हणजे पुढे घराची वाटणी किंवा विक्री झाली तरी तुम्ही घातलेला रुपया बुडणार नाही. सुताराला मात्र आत्ताच बोलावून खांबांची बुडं टोचून पाहायला सांगा. एखादा खांब जास्त गेला असेल तर तो दुसऱ्या वर्षाची वाट पाहणार नाही. त्याला ताबडतोब टेकू द्या, आणि परवानगीच्या अर्जात ते काम सगळ्यात वर लिहा.